पुरवणी यादी

यादी माझ्याकडं असते. प्रभाग सात, विटे.
शाळा सुटली की पिशवीत रजिस्टर टाकून मी दारोदार फिरते:
मयत, स्थलांतरित, दुबार.
सुर्व्यांच्या घराला बारा वर्षं कुलूप
आणि आत अकरा मतदार.
सगळे त्रिशूरला, गलाईच्या धंद्यात,
परक्या सोन्यातली घाण ॲसिडनं काढत.
शेजारीण म्हणते, येतात की, जत्रंला आणि मतदानाला.
मी कुलूप एकदा हलवून बघते
आणि अकराच्या अकरा नावं तशीच ठेवते.
खोडली तर संध्याकाळी कुणीतरी घरी येतं,
चहा मागतं, फार गोड बोलतं.

नरबहादूर बोहरा शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत राहतो.
सव्वीस वर्षं झाली.
त्याच्या दाराशी मी थांबते,
कौसिलानं दिलेलं पाणी पिते,
पेनचं टोपण तेवढं काढत नाही.

एका उन्हाळ्यात त्यानंच विचारलं,
"बाई, आमचं कुठल्या पानावर?"
म्हटलं, तुमचं तुमच्या देशात.
"हाय की तिथं. अछामला. तीन दिवसांची वाट,
शेवटची पायी.
तिथल्या मतदानाला मी इथं होतो, बाई.
इथल्या मतदानाला बी इथंच."
आणि शिट्टीची दोरी गळ्यात सारखी करत
तो फाटकाकडं गेला.

कुठला दिवा लागत नाही, कुठली मोटार रात्री दोनला येते,
गटार कुठं तुंबतं, त्याला नगरपालिकेच्या आधी कळतं,
कारण ते पहिल्यांदा त्याच्याच उंबऱ्यात शिरतं.
त्यासाठी अर्ज द्यायला गेला तर
खिडकीतला माणूस म्हणाला, प्रभागातला मतदार आणा सही करायला.
सही मी केली.
गटार अजून तसंच आहे, हे वेगळं.

त्याची विमला माझ्याच वर्गात, सातवीला.
अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार पुसवत नाही.
जनजागृतीच्या फेरीचे चाळीस फलक तिनं एकटीनं रंगवले.
मध्येच मान वर न करता विचारलं,
"बाई, हक्कातला पहिला क पाय मोडून लिहू,
का दुसऱ्याला जोडून?"
मी म्हटलं, कसाही लिही.
मराठीच्या बाईनं असं म्हणू नये.

मतदानाच्या पहाटे पाचला कुलूप त्यानंच काढलं.
बाकं ओढली, रांगेसाठी दोऱ्या बांधल्या,
आजारी माणसांसाठी उतारावर फळी टाकली.
साडेनऊला त्रिशूरची गाडी आली.
हिंदुराव सुर्व्यांचा नातू, पांढरे बूट, तिकडच्या वळणाचं मराठी,
शाळेच्या पटांगणात गोंधळून उभा:
आपलं बूथ कुठलं हो?
नरबहादूरनं हात करून दाखवलं,
"दोन नंबरची खोली. पंखा चालू हाय. चला."
आणि त्याच्या आजीला कोपराला धरून आत नेलं,
उंबऱ्यापर्यंत.
तिथून पोलिसानं नेलं.

संध्याकाळी पेट्या बांधताना कुणाच्या तरी धक्क्यानं
शाईची बाटली लवंडली, तिसऱ्या बाकावर.
साहेबांना घाई होती.
फडकं त्यानं घेतलं.

मत देणाऱ्याला लागते ती डाव्या तर्जनीला, एक रेघ.
त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं भरली, नखांसकट.
दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं,
"काय बहादूर, तीन तीन टाकलीस व्हय?"
सगळे हसले. तोही हसला,
आणि हात खिशात घातला,
सुट्टे पैसे शोधतोय असा.

रॉकेल, लिंबू, राख, सगळं करून झालं.
माझी रेघ दिवाळीआधी गेली.
त्याची शाई नखाबरोबर हळूहळू वर सरकत होती
तेव्हा एकदा फाटकाशी मी ते नख बघत राहिले,
त्याला दिसलं.
"पुढच्या खेपेला साहेबास्नी सांगा, बाई," तो म्हणाला,
"झाकण नीट लावत जा म्हणावं."